आधी मोजा, मग बदला

राजूरला आमची एक जुनी पेट्रोल गाडी आहे. काजव्यांच्या दिवसांत आणि पावसाळ्यात अण्णा तिच्यातून पर्यटकांना भंडारदरा, रंधा धबधबा दाखवतात. त्यातूनच माझं मेसचं बिल निघतं. यंदा ऐन मे महिन्यात इंजिनचा दिवा लागला, ॲव्हरेज पडलं. गॅरेजवाल्याने स्कॅनर लावला, कोड आला पी ०१३५. "ऑक्सिजन सेन्सर गेला" म्हणून नवा बसवला. दोन दिवसांत दिवा पुन्हा हजर!

मी सुट्टीवर गेलो तेव्हा अण्णा म्हणाले, "इंजिनिअरिंगला घातलंय ना तुला? बघ मग!"

हा कोड 'सेन्सर खराब' असं म्हणत नाही. 'हीटरच्या सर्किटमध्ये दोष' एवढंच म्हणतो. झिर्कोनियाचा सेन्सर साधारण ३०० अंश सेल्सिअसच्या वर तापल्याशिवाय नीट काम करत नाही. तो लवकर तापावा म्हणून आत हीटर असतो. हीटर बंद, तर ईसीयूला धुराची खबर उशिरा मिळते आणि पेट्रोल जास्त जळतं.

तपासणीचा क्रम असा :

१) इंजिन थंड असताना प्लग काढून सेन्सरच्या हीटरचा रोध मोजा. चार वायरच्या बऱ्याच सेन्सरमध्ये हीटरच्या दोन वायर एकाच रंगाच्या, बहुधा पांढऱ्या असतात. काही ओहम आले तर ठीक. अनंत आला तर हीटर तुटला. (नेमका आकडा मॅन्युअलमध्ये पाहावा.)

२) हीटरची वायर आणि सेन्सरची बॉडी यांत जोड दिसता कामा नये.

३) इंजिन चालू करून गाडीकडच्या प्लगवर बॅटरीइतका व्होल्टेज येतो का, ते पाहा.

४) प्लग जोडून, इंजिन गरम झाल्यावर सिग्नल डिजिटल मीटरने पाहा. तो ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये खालीवर व्हायला हवा. सिग्नलच्या वायरवर ओहम मात्र कधीही मोजू नका, सेन्सर खराब होऊ शकतो.

आमच्याकडे पहिल्या दोन पायऱ्या पास, तिसरीला शून्य! फ्यूज उडालेला. प्लग काढलेलाच ठेवून नवा फ्यूज घातला, तोही उडाला. म्हणजे दोष सेन्सरच्या अलीकडे, गाडीच्या वायरिंगमध्ये. गाडीखाली शिरलो. क्लिप तुटून वायर सायलेन्सरच्या पाइपला टेकली होती, आवरण वितळलं होतं. वायर बदलली, नवी क्लिप लावली, फ्यूज घातला. दिवा गेला तो गेलाच.

मग काढून टाकलेला जुना सेन्सर मोजला. ठणठणीत! अण्णा काही बोलले नाहीत, पण त्या पैशात माझी दोन महिन्यांची मेस निघाली असती.

तेव्हा दोस्तहो, लॅबमधल्या मल्टिमीटरला कंटाळू नका. कोड फक्त गल्ली दाखवतो, घर आपणच शोधायचं असतं.

– तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी