हात लपवू नकोस, बाई

परवा खडेबाजारात साड्या बघताना तू एकही पोत हाताने चाचपून बघितला नाहीस. पदराआड धरलेली भेगाळलेली बोटं मला दिसली गं. विचारलं तर म्हणालीस, "नायटा असेल, ट्यूब लावते आहे." ती मेडिकलमधून आणलेली खाजेची ट्यूब आधी बंद कर. तसल्या बऱ्याच ट्यूबांत स्टेरॉइड असतं. चार दिवस बरं वाटतं, दुखणं झाकून राहतं आणि कातडं पातळ होत जातं.

आणि नायटा कधी दोन्ही मनगटांवर एकाच रेषेत थांबतो का? वॉर्डात घालतेस त्या ग्लोव्हजची कड जिथे संपते, तिथेच तुझी लाली संपते.

वॉर्डात बहुतेकींना होतं ते घाम, साबण आणि ग्लोव्हजमधल्या पावडरीने कातडं सोलवटणं. ती अॅलर्जी नव्हेच. रबर पक्कं करायला घालतात त्या रसायनांची अॅलर्जी मात्र एक-दोन दिवसांनी उठते, म्हणून सुट्टीच्या दिवशी खाजवताना ग्लोव्हज आठवतही नाहीत. मला धास्ती आहे ती रबराच्या चिकातल्या प्रथिनांची. ग्लोव्हज चढवल्यावर काही मिनिटांत गांधी उठल्या, शिंका सुरू झाल्या, छाती घरघरली, तर ग्लोव्हज काढून तडक कॅज्युअल्टी गाठ. केळं, पपई खाल्ल्यावर तोंड खाजतं का, तेही आठव. ज्यांना चीक सोसत नाही, त्यांतल्या काहींना ही फळंही सोसत नाहीत.

ग्लोव्हज ओढून काढताना जी पांढरी पावडर उडते ना, तिच्यासोबत ती प्रथिनं हवेत जातात आणि शेजारच्या सिस्टरच्या नाकात शिरतात. अमेरिकेने जानेवारी २०१७ पासून पावडरवाले ग्लोव्हज बंदच केले. आपल्याकडे स्वस्त पडतात म्हणून अजून येतात. इनचार्ज सिस्टरांना लेखी दे, बिनपावडरीचे, बिनचिकाचे नायट्राइल ग्लोव्हज माग. त्यात संकोच कसला? ऑपरेशनमध्ये रबरी ग्लोव्हज आले तेच मुळी एका नर्सच्या हातांसाठी. १८८९-९० च्या सुमारास बाल्टिमोरला कॅरोलाइन हॅम्प्टनची कातडी जंतुनाशकाने सोलवटायची, म्हणून डॉक्टर हालस्टेडनी गुडइयर कंपनीकडून ते करून घेतले.

ड्यूटीला जाताना हाताला खोबरेल चोपडू नकोस. तेलाने रबर कमजोर होतं. रात्री झोपताना लाव. सॅनिटायझर पुरता वाळू दे, मगच ग्लोव्हज. अंगठी घरीच ठेव, तिच्याखाली साबण साचतो.

नायट्राइलनेही खाज थांबली नाही तर दोष रसायनांचा असू शकतो, कारण तीच बऱ्याच नायट्राइल ग्लोव्हजमध्येही असतात. म्हणून कातडीच्या डॉक्टरांकडे पॅच टेस्ट करून घे. पाठीवर पट्ट्या दोन दिवस राहतात, तोवर पाठ भिजवायची नाही, आणि नंतर परत दाखवायला जायचं. तशी ड्यूटी आधीच बदलून घे. जाताना वापरातला एक जोड पिशवीत घालून ने, आणि खोक्यावरच्या छापील मजकुराचा फोटोही. गांधी उठल्या असतील किंवा दम लागला असेल तर ते सगळ्यात आधी सांग, म्हणजे तपासणी ते बेताने करतील.