जुनी केशरचना व तिचें कारण

जुन्या चित्रांतील केशरचना घरीं करून पाहावी, अशी इच्छा पुष्कळ मुलींस होते. परंतु तिच्यामागील कारणही जाणावें. दुसऱ्या महायुद्धांत (१९३९-४५) अमेरिकेंतील असंख्य स्त्रिया कारखान्यांत काम करूं लागल्या. मोकळे केस यंत्रांत अडकून अपघात होत. म्हणून १९४३ मध्यें सरकारच्या विनंतीवरून व्हेरॉनिका लेक या नटीनें डोळ्यावर झुकणारे आपले केस वर बांधले.

त्या काळची ‘व्हिक्टरी रोल’ रचना अशी करावी: भांग पाडून पुढील बट मुळाशीं किंचित् उलटी विंचरावी, टोंकापासून मुळापर्यंत पोकळ गुंडाळावी व आंकड्यांनीं बसवावी. मागील केस जाळींत बांधावे.

शोभा व निर्धोकपणा यांचा हा मेळ, प्रयोगशाळेंत दिव्याजवळ वा घरीं चुलीपाशीं काम करितांना, मुलींनीं ध्यानीं ठेवावा, असें आम्हांस वाटतें.