चूक सांगण्याची रीत

३ जून २०२० रोजीं 'निसर्ग' चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आदळलें. वादळ म्हणजे काय, हें काशीदच्या लोकांस सांगावयास नको. होडी समुद्रांत लोटावी कीं वर ओढून ठेवावी, हा निर्णय अशा वेळीं एका इशाऱ्यावर अवलंबून असतो. असे इशारे आतां एका यंत्राकडून दुसऱ्या यंत्राकडे जातात, आणि ते बिनचूक आहेत कीं नाहींत हें यंत्राला तपासतां येतें. या तपासणींत चूक आढळल्यास पुढें काय करावें, याचा आपण येथें विचार करूं.

इशाऱ्यासाठीं अनेक देशांत 'कॉमन अलर्टिंग प्रोटोकॉल' नांवाचा एकच सांचा वापरतात. त्याची १.२ ही आवृत्ति १ जुलै २०१० रोजीं निघाली. आपल्या राष्ट्रीय आपत्ति व्यवस्थापन प्राधिकरणाची 'सचेत' ही व्यवस्था याच सांच्यावर उभी आहे. हा संदेश १९९८ सालीं प्रमाण ठरलेल्या 'एक्सएमएल' भाषेंत लिहितात. तींत प्रत्येक माहितीच्या आधीं व नंतर तिच्या नांवाची खूण असते. जणूं प्रत्येक जिन्नस चिठ्ठी लावलेल्या डब्यांत ठेविला आहे. डबे कोणते, त्यांचा क्रम कोणता, कोणत्यांत काय चालेल, हे नियम ज्या दुसऱ्या लेखांत असतात त्यास 'स्कीमा' म्हणतात.

उदाहरणार्थ, तीव्रतेच्या डब्यांत एक्स्ट्रीम, सिव्हिअर, मॉडरेट, मायनर व अननोन या पांच शब्दांपैकींच एक चालतो. तेथें 'फार मोठें' असें लिहिलें तर माणसास कळेल, पण स्कीमा तें नाकारील. इशाऱ्याची वेळ मराठी अंकांत लिहिली तरीही तोच प्रकार. तेथें इंग्रजी आकडेच लागतात.

आतां जावा या संगणकभाषेंतील तपासनीस पाहूं. तो चुकांचे तीन वर्ग करितो. पहिला 'वॉर्निंग', म्हणजे नुसती सूचना. दुसरा 'एरर', म्हणजे स्कीमाचा नियम मोडणें. तिसरा 'फेटल एरर', म्हणजे लेखाची रचनाच मोडणें. जसें, उघडलेली खूण बंदच न करणें. आपण कांहीं न सांगितल्यास हा तपासनीस सूचनेकडे दुर्लक्ष करितो, आणि दुसऱ्या वा तिसऱ्या वर्गाची पहिलीच चूक दिसतांच काम थांबवितो.

एखाद्या शिक्षकानें वहींतील पहिल्या चुकीवर फुली मारून वही परत दिली, तर मुलाची काय गत होईल? तो ती चूक सुधारील, पुन्हां वही नेईल, पुन्हां दुसरी फुली घेऊन येईल. पांच चुकांसाठीं पांच खेपा! निबंधाच्या वहीस हें एक वेळ चालेल. वादळ समुद्रावर असतां चालणार नाहीं.

म्हणून तपासनिसास आपला स्वतःचा 'एरर हँडलर', म्हणजे चुकांचा कारकून, नेमून देतां येतो. त्यास तिन्ही वर्गांसाठीं वेगवेगळी आज्ञा द्यावी. सूचना असेल तर नोंद करून पुढें जावें. नियमभंग असेल तर न थांबतां ओळीचा क्रमांक, ओळींतील जागा व दोष वहींत लिहावा. रचनाच मोडली असेल तर मात्र थांबावें, कारण त्यापुढील वाचनावर भरंवसा ठेवितां येत नाहीं. शेवटीं सर्व यादी एकदम लेखकाच्या हातीं द्यावी.

यादी सोप्या भाषेंत असावी. तपासनिसाचें मूळ बोलणें क्लिष्ट असतें. तीव्रतेच्या एकाच चुकीच्या शब्दाबद्दल तो पुष्कळदां दोन तक्रारी करितो. कारकुनानें त्या एकत्र करून 'ओळ १२ : तीव्रतेसाठीं ठरलेल्या पांच शब्दांपैकीं एक लिहा' असें मराठींत सांगितलें, तर रात्रीं जागणाऱ्या कर्मचाऱ्यास सुधारणा क्षणांत करितां येईल.

येथें एक मोठा धोका आहे. चूक लिहून घेऊन कारकून गप्प राहिला, म्हणजे तपासणी शेवटपर्यंत सुरळीत पार पडते, आणि जणूं लेख निर्दोष आहे असेंच वाटतें. यासाठीं तपासणी संपल्यावर ती वही उघडून पाहिलीच पाहिजे. ती कोरी असेल तरच संदेश पुढें जाऊं द्यावा. चूक पाहून न सांगणारा कारकून नसलेल्या कारकुनाहून वाईट. कारण कारकून नसता तर काम निदान थांबलें तरी असतें.

वही कोरी निघाली तरी आपलें काम संपत नाहीं. या सांच्यांत ठिकाणाचें वर्णन साध्या मजकुरानें लिहितात. तेथें काशीदऐवजीं भलत्याच गांवाचें नांव पडलें, किंवा भयंकर वादळास 'मायनर' म्हटलें, तरी स्कीमा तक्रार करणार नाहीं. स्कीमा लेखाचा आकार पाहतो, सत्य पाहत नाहीं. तें पाहण्याचें काम संदेश लिहिणाऱ्या माणसाचें आहे, आणि तें कोणत्याही यंत्रावर सोंपवितां येत नाहीं.

आपणही कोणाची चूक दाखवितांना हा धडा लक्षांत ठेवावा : ती पुरती सांगावी, जागा दाखवून सांगावी, त्यास कळेल अशा शब्दांत सांगावी, आणि सांगावयाची असतां कधींही गिळूं नये.