गोडीचा हिशेब

आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या उसाची शेती. त्यामुळे ‘कमी साखरेचा चहा’ हे शब्द आमच्या स्वयंपाकघरात कधी उच्चारले गेले नव्हते. गेल्या वर्षी डॉक्टरांनी अण्णांना वजन घटविण्यास सांगितले आणि चहात साखरेऐवजी गोडीच्या गोळ्या पडू लागल्या. सहा महिने झाले तरी वजन होते तेवढेच! “रसायनशास्त्र शिकतोस न्हवं? मग सांग, काटा का हलंना?” असा जाब अण्णांनी मला विचारला. त्या उत्तराच्या शोधातून हा लेख झाला.

प्रथम साखर पाहू. एक ग्रॅम साखरेतून सुमारे ४ किलोकॅलरी ऊर्जा मिळते. गरजेहून अधिक ऊर्जा शरीर चरबीच्या रूपाने साठविते. पेयातून पोटात गेलेल्या साखरेने पोट भरल्यासारखे वाटत नाही. म्हणून जेवण त्या प्रमाणात घटत नाही. गुळाचेही तेच.

सॅकरीनचा शोध १८७९ साली बाल्टिमोर येथे रेम्सन यांच्या प्रयोगशाळेत फाहलबर्ग यांना अपघातानेच लागला. ते साखरेच्या सुमारे ३०० पट गोड असते. १९६५ साली सापडलेले अॅस्पार्टेम सुमारे २०० पट. साहजिकच कणभर पुरते आणि ऊर्जा जवळजवळ शून्य!

मग वजन का घटले नाही? अण्णांचा दिवसाला चार कप चहा, कपात दोन चमचे साखर. चमच्यात ४ ग्रॅम धरले तर ३२ ग्रॅम, म्हणजे १२८ किलोकॅलरी वाचल्या. पण “साखर सोडलीय की!” म्हणत संध्याकाळी कुंद्याची वाटी पुढे येई. तेथेच बचत संपली.

अल्पकालीन प्रयोगांत साखरेच्या जागी अशी द्रव्ये दिल्यास वजन थोडे घटते. उलट, दीर्घकालीन पाहण्यांत ती घेणाऱ्यांत लठ्ठपणा अधिक आढळतो. येथे घाईने निष्कर्ष काढू नये. मुळात लठ्ठ माणसेच गोळ्यांकडे अधिक वळतात. तरीही २०२३ साली जागतिक आरोग्य संघटनेने वजन-नियंत्रणासाठी ही द्रव्ये वापरू नयेत, असा सल्ला दिला. ज्यांना आधीच मधुमेह आहे, त्यांच्यासाठी तो नाही.

माझे अण्णांना उत्तर एवढेच : गोळीने साखर जाते, गोडाची ओढ जात नाही. आता गोळ्या बंद आहेत. साखर दर पंधरवड्याला थोडी थोडी कमी करतो, कुंदा सणापुरता. काटा किंचितच हलला आहे, पण परवा अण्णा म्हणाले, “चहालाबी चव असती, हे आत्ता कळलं बघ!”