आदिवासी जेल प्रहरी : तपासणीत राहून गेलेले दोन प्रश्न

पाटणकर बाजारातील माझ्या दवाखान्यात काही वर्षांपूर्वी एक जेल प्रहरी रक्तदाबासाठी येऊ लागला. दोन औषधे चालू असूनही वरचा आकडा १६० च्या खाली उतरेना. मी तिसरे औषध लिहून दिले आणि मद्यपानावरून चार शब्दही सुनावले. पुढच्या खेपेस पत्नी सोबत आली तेव्हा कळले, की दर आठवड्याला त्याची पाळी बदलते व रात्रपाळीनंतर गोळ्या राहूनच जातात. इतकी साधी गोष्ट मी विचारलीच नव्हती.

दुसरी गोष्ट पत्नी बाहेर गेल्यावर त्याने सांगितली. तो झाबुआकडचा भिल्ल. त्याच्या मुलखातले बंदी त्याच्याशी भिलीत बोलत, घरी निरोप पोहोचव म्हणून गळ घालीत. नकार दिला की तो त्यांच्या लेखी परका ठरे. दोन वाक्ये भिलीत बोलला की सहकारी संशयाने पाहत. झोप गेली होती ती यापायी.

ऑस्ट्रेलियात कोठडीतील आदिवासींच्या ९९ मृत्यूंची चौकशी करणाऱ्या रॉयल कमिशनने १९९१ च्या अहवालात तुरुंगसेवेत आदिवासी कर्मचारी घ्यावेत, अशी शिफारस केली. ती योग्यच होती. परंतु दोन्हीकडच्या अपेक्षा ज्या एका माणसावर येऊन पडतात, त्याच्या प्रकृतीचे काय? आपल्याकडे तर कित्येक राज्यांच्या कारागृह-नियमांत जातीवरून कामे वाटण्याची व भटक्या जमातींकडे संशयाने पाहण्याची कलमे होती. सर्वोच्च न्यायालयाने ती ३ ऑक्टोबर २०२४ रोजी घटनाबाह्य ठरविली.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये 'बर्नआउट'ला रोग न म्हणता कामाशी निगडित अवस्था म्हटले : थकवा, कामाविषयी कडवटपणा, घटलेली कार्यक्षमता. यांतला कडवटपणा आपण रुग्णाचा स्वभाव समजून सोडून देतो, असा माझा (स्वतःवरूनच) अनुभव.

व्यवसायबंधूंना विनंती, की अशा रुग्णाला पाळी कोणती आणि झोप किती, हे आधी विचारावे. रक्तदाब घरीही मोजावयास सांगावे. गोळी घड्याळाऐवजी पाळीनंतरच्या जेवणाशी जोडावी. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असल्यास थुंकी तपासावी, कारण बराकीतील हवा प्रहरीही घेतो. आत्महत्येचा विचार येतो का, हे एकांतात स्पष्ट विचारावे. प्रमाणपत्रावर नुसते 'विश्रांती आवश्यक' न लिहिता 'सलग रात्रपाळी नको' असे लिहावे.

माझ्या रुग्णाचे तिसरे औषध पुढे बंद करता आले. निरोप मात्र अजून येतात, असे तो मागच्या भेटीत म्हणाला.