दोन महिने झाले, मग तलफ आताच का?

एका ताईंचं पत्र आलं आहे. मुलानं कोकेन सोडून दोन महिने झाले, अंगही धरलं. परवा आरशासमोर टाल्कम पावडर सांडली आणि ती बघताच त्याला दरदरून घाम फुटला. "डॉक्टर, हे नाटक तर नाही ना?"

नाही ताई, मुळीच नाही.

मेंदूत डोपामिन नावाचं रसायन पाझरतं आणि काम झालं की पेशी ते परत ओढून घेतात. कोकेन ही परतीची वाटच अडवतं. डोपामिन साचतं आणि त्या क्षणी समोर जे असेल, म्हणजे आरसा, पांढरी भुकटी, एखादा मित्र, ते सगळं मेंदू पक्कं लक्षात ठेवतो.

यात मात्रेइतकाच वेगही महत्त्वाचा. अँडीज पर्वतातले लोक कोकाची पानं चघळतात, त्यातलं कोकेन हळूहळू भिनतं. नाकानं ओढलेलं कोकेन काही मिनिटांत चढतं, धुरावाटे घेतलेलं दहाएक सेकंदांत. अतिचंचल मुलांना देतात ते मेथिलफेनिडेटही तीच वाट अडवतं. पण संशोधक नोरा व्होल्को यांच्या मेंदूच्या स्कॅनमध्ये दिसलं, की गोळीवाटे त्याचा असर तासाभरानं भरात येतो. म्हणून ठरलेल्या मात्रेत त्याची झिंग येत नाही.

जे झटकन चढतं ते झटकन उतरतं, की लगेच पुढची ओढ. "मी फक्त शनिवारीच घेतो" म्हणणाऱ्यांनाही सांगतो, खंड पाडून घेतल्यानं जोखीम टळत नाही. उंदरांवरच्या प्रयोगांत मधेमधे थांबून मिळालेल्या कोकेननं ओढ उलट जास्त वाढवली.

आता तुमच्या प्रश्नाचं नेमकं उत्तर. 2001 साली उंदरांमध्येच आढळलं, की कोकेन बंद केल्यावर खुणा पाहून येणारी तलफ पहिल्या दिवसापेक्षा दोन महिन्यांनी जास्त तीव्र होती. माणसांतही असं घडताना दिसतं. आणि नेमकं याच सुमारास घरचे निर्धास्त होतात, समुपदेशन थांबवतात. कृपा करून थांबवू नका. कोकेनची सवय सोडवणारी मान्यताप्राप्त गोळी अजून नाही. समुपदेशन आणि लघवीची तपासणी स्वच्छ आली की छोटं बक्षीस, या उपायांचा चांगला उपयोग होतो. जुने नंबर त्याच्या हातून पुसून घ्या. मदतीसाठी 14446 ही सरकारी हेल्पलाइन आहे. पुन्हा कधी घेतलं आणि छातीत दुखलं, तर तडक इस्पितळ गाठा आणि कोकेन घेतल्याचं डॉक्टरांपासून लपवू नका. उपचार त्यावर ठरतात.

घाम फुटल्यावर तो बाहेर न जाता स्वयंपाकघरात तुमच्याजवळ येऊन बसला, असं तुम्ही लिहिलंत. पुन्हा आला तर प्रश्न विचारू नका, नुसतं बसू द्या.