गिअरपेटीतील तेल आणि त्यातील गाळ

अमेरिकेतील जनरल मोटर्स या कंपनीने ओल्ड्समोबिल मोटारींच्या १९४० सालच्या मालिकेत 'हायड्रामॅटिक' ही स्वयंचलित गिअरपेटी बसविली. पुढे शेव्हरोलेची 'पॉवरग्लाइड', क्रायस्लरची 'टॉर्कफ्लाइट' अशा अनेक गिअरपेट्या प्रचारात आल्या. त्या काळातील बऱ्याच मोटारी हौशी मंडळींनी आजही चालत्या ठेवल्या आहेत. अशा मोटारींच्या दीर्घायुष्याचे मर्म गिअरपेटीतील तेलाच्या स्वच्छतेत आहे.

साध्या गिअरपेटीत तेलाचे मुख्य काम वंगणाचे असते. स्वयंचलित गिअरपेटीत मात्र त्याला चार कामे करावी लागतात. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिनाची शक्ती तेलच पुढे वाहून नेते. पंपाने निर्माण केलेल्या तेलाच्या दाबाने क्लचच्या चकत्या एकमेकींवर आवळल्या जातात. हेच तेल दंतचक्रांना वंगण पुरविते आणि रेडिएटरमधील शीतकातून फिरून आतील उष्णता बाहेर टाकते.

गाळ बाहेरून क्वचितच येतो. बहुतेक तो आतच तयार होतो. क्लचच्या चकत्यांवरील घर्षणाचा थर झिजून काळसर भुकटी होते. पोलादी भागांतून लोखंडाची बारीक पूड आणि धारव्यांतून पितळी रंगाचे कण सुटतात. पुष्कळ जुन्या गिअरपेट्यांत पंपाच्या तोंडाशी केवळ तारेची जाळी असे. ती फार बारीक ठेवता येत नसे, कारण थंडीत दाट झालेले तेल तिच्यातून पंपापर्यंत पुरेसे पोहोचले नसते. त्यामुळे सूक्ष्म कण जाळीतून निसटून दाब नियंत्रित करणाऱ्या झडपांपर्यंत जातात. या झडपा आपापल्या छिद्रांत अगदी नेमक्या बसविलेल्या असतात. एखादी झडप कणांमुळे अडखळली की क्लचवरील दाब कमी पडतो, चकत्या घसरतात, तापतात आणि अधिक झिजतात. त्या झिजेतून नवा गाळ निर्माण होतो. अशा रीतीने गाळच गाळाला जन्म देतो.

हे चक्र तोडण्याचा पहिला उपाय म्हणजे ठराविक मुदतीने तळाचे पात्र उतरवून पाहणे. गरम तेलाने हात भाजणार नाहीत याची काळजी घ्यावी. पात्रात किंवा त्यातील लोहचुंबकावर करड्या रंगाचा पातळ लेप आढळल्यास तो नेहमीच्या झिजेचा समजावा. चमकणारे कपचे किंवा धातूचे तुकडे दिसले, अथवा तेलाला जळकट वास आला, तर नुसते तेल बदलून भागणार नाही. गिअरपेटी उघडून तपासली पाहिजे. तारेची जाळी रॉकेलने धुऊन पूर्ण वाळवावी. कापडी किंवा कागदी गाळणी असल्यास नवी घालावी. पुसण्यासाठी सुताचे बोळे वापरू नयेत. सुताचा एखादा धागाही झडप अडकविण्यास पुरेसा होतो. पात्र रिकामे केले तरी तेलाचा बराच भाग टॉर्क कन्व्हर्टरमध्ये उरतो. काही जुन्या मोटारींत तेथे निचऱ्याचे बूच असते. ते नसल्यास काही काळ गाडी चालवून तेल पुन्हा बदलावे.

दुसरा उपाय जोडगाळणीचा. शीतकातून गिअरपेटीकडे परतणाऱ्या नळीत लोहचुंबक असलेली लहान गाळणी बसविता येते. परतीची नळी निवडल्याने शीतकात साचलेले कणही वाटेतच अडतात. गाळणी तुंबल्यास वंगणाचा पुरवठा खंडित होऊ नये म्हणून तिच्यात तेलाला पर्यायी वाट देणारी झडप असावी. गाळणी वेळेवर बदलावी आणि नळी तेलाने न कुजणाऱ्या रबराचीच घ्यावी.

गिअरपेटी नादुरुस्त होऊन नव्याने बांधली जाते, तेव्हा एका गोष्टीचा हमखास विसर पडतो. जुन्या गिअरपेटीचा गाळ शीतकात आणि त्याच्या नळ्यांत तसाच राहिलेला असतो. तो धुऊन काढला नाही, तर पहिल्याच फेरीत नव्या चकत्यांवर येऊन पडतो आणि केलेला सारा खर्च वाया जातो. टॉर्क कन्व्हर्टरलाही हाच नियम लागू आहे.

दैनंदिन दक्षता सोपी आहे. डिपस्टिक काढण्यापूर्वी तिच्या भोवतालची धूळ पुसावी, तेल ओतण्याचे नरसाळे केवळ याच कामासाठी राखून ठेवावे आणि उत्पादकाने सांगितलेल्या प्रकारचेच तेल वापरावे. झीज कोणत्याच यंत्राला चुकत नाही. एका झिजेतून दुसरी झीज उद्भवू न देणे एवढेच मोटार बाळगणाऱ्याच्या हाती असते.